अंत्यकाळाचे तक्ते फळ्यावर काढण्याआधी: मराठी मंडळ्यांतल्या उपदेशकांना खुले पत्र

प्रति,
मराठी मंडळ्यांचे पाळक, वडीलवर्ग आणि अंत्यकाळावर वर्ग व शिबिरे घेणारे उपदेशक बंधुभगिनी

सप्रेम सलाम.

इस्राएलात युद्ध पेटले, ग्रहण लागले, सरकारने नवे ओळखपत्र काढले की अंत्यकाळाचा एक नवा तक्ता फिरू लागतो. आधी तो मोबाइलवर येतो, मग घरगुती प्रार्थनासभेत आणि कधीकधी थेट रविवारच्या व्यासपीठावर. हे पत्र त्या तक्त्यांविषयी आहे. प्रभूचे पुनरागमन आपल्या विश्वासांगीकारातच आहे, त्यावर आमचा वाद नाही. वाद आहे तो तक्त्याला पवित्र शास्त्राइतका मान देण्यावर. तक्त्यातली प्रत्येक पायरी कोणीतरी अनेक पर्यायांतून निवडलेली असते. ती निवड श्रोत्यांपासून झाकून ठेवली, की तारीख टळल्यावर लोकांना तक्ता नव्हे, शास्त्रच खोटे ठरल्यासारखे वाटते. मंडळीतली कॉलेजात जाणारी मुले नेमकी या जागी गळतात, हे आपणही पाहत असाल.

तारीख काढायला तीन गोष्टी लागतात: मोजणी कुठून सुरू करायची ते वर्ष, वचनातला एखादा आकडा, आणि तो आकडा दिवस धरायचा की वर्षे याचा नियम. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर याने दानीएल ८:१४ मधल्या २३०० संध्याकाळ-सकाळी घेतल्या, एक दिवस म्हणजे एक वर्ष धरले आणि अर्तहशश्त राजाच्या सातव्या वर्षाच्या फर्मानापासून, म्हणजे इ.स.पू. ४५७ पासून मोजले. उत्तर आले १८४३. इ.स.पू. १ नंतर एकदम इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, ही चूक नंतर लक्षात आली आणि १८४३ चे १८४४ झाले. पुढे त्याच्या एका अनुयायाने प्रायश्चित्ताच्या दिवसाचा हिशेब लावून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. अनेकांनी शेतातले पीक तसेच उभे ठेवले. २३ तारीख नेहमीसारखी उजाडली.

शून्य वर्षाची हीच गफलत दुसऱ्या एका प्रसिद्ध हिशेबातही आहे. दानीएल ४ मधले ‘सात काळ’ म्हणजे ७ गुणिले ३६०, म्हणजे २५२० वर्षे, असे धरून चार्ल्स रसेलने (यहोवाचे साक्षीदार ज्याच्या चळवळीतून निघाले तो) इ.स.पू. ६०६ पासून १९१४ गाठले. शून्य वर्ष नाही हे ध्यानात आल्यावर त्याच्या वारसांनी १९१४ जागेवर ठेवले आणि सुरुवात मागे सरकवून ६०७ केली. यरुशलेम मात्र ६०७ मध्ये पडले नाही. बाबेलच्या एका खगोलीय नोंदवहीत नबुखद्नेस्सराच्या ३७ व्या वर्षातल्या चंद्राच्या व ग्रहांच्या जागा टिपलेल्या आहेत, आणि त्या फक्त इ.स.पू. ५६८-६७ लाच जुळतात. तिथून मागे मोजले की त्याचे १८ वे व १९ वे वर्ष, ज्यांत यिर्मया ५२ आणि २ राजे २५ नगराचा नाश सांगतात, इ.स.पू. ५८७ आणि ५८६ येते. ५८७ पासून २५२० वर्षे धरली तर उत्तर १९३४. त्या वर्षाबद्दल कोणी बोलत नाही.

आता दानीएल ९ कडे जरा सावकाश पाहू. मराठी वर्गांत सर्वाधिक चालणारा तक्ता याच अध्यायाचा आहे आणि तो सांगताना ‘दिवसाचाही फरक नाही’ असे हमखास म्हटले जाते. हा हिशेब सर रॉबर्ट अँडरसन यांचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. या अध्यायातल्या सत्तर सप्तकांपैकी (एक सप्तक म्हणजे सात वर्षे) ६९ म्हणजे ४८३ वर्षे, वर्ष ३६० दिवसांचे, एकूण १,७३,८८० दिवस. सुरुवात १४ मार्च इ.स.पू. ४४५, शेवट ६ एप्रिल इ.स. ३२, म्हणजे येशूचा यरुशलेमेतला जयोत्सवाने प्रवेश.

पहिला प्रश्न सुरुवातीचा. यरुशलेमेबद्दलची फर्माने शास्त्रात चार आहेत: कोरेशाचे (एज्रा १), दारयावेशाचे (एज्रा ६), अर्तहशश्ताचे सातव्या वर्षातले (एज्रा ७) आणि त्याचेच विसाव्या वर्षातले (नहेम्या २). कोरेशाचे फर्मान इ.स.पू. ५३८ चे, शेवटचे ४४५ किंवा ४४४ चे. मध्ये नव्वदहून अधिक वर्षे आहेत. चौथे निवडायला कारण आहे, कारण नगर बांधण्याची परवानगी तिथे स्पष्ट दिसते. पण यशया ४४:२८ मध्ये यरुशलेम बांधण्याची आज्ञा कोरेशाच्या नावावर आहे, हे वर्गात कोणी वाचून दाखवत नाही.

दुसरा प्रश्न दिवसाचा. नहेम्या २:१ उघडा. तिथे नीसान महिना आहे, दिवस नाही. अँडरसनने नीसानची पहिली तारीख धरली आणि तिला १४ मार्च म्हटले. ज्या हिशेबाचा सगळा दिमाख ‘दिवसाचाही फरक नाही’ यात आहे, त्याचा पहिला दिवसच शास्त्रात नाही.

तिसरा प्रश्न बेरजेचा. १४ मार्च ४४५ पासून १४ मार्च इ.स. ३२ पर्यंत ४७६ वर्षे होतात. ४७६ गुणिले ३६५ म्हणजे १,७३,७४०. त्यात अँडरसनने लीप वर्षांचे ११६ दिवस मिळवले आणि १४ मार्च ते ६ एप्रिल हे दोन्ही टोकांसह २४ दिवस. बेरीज बरोबर १,७३,८८०. पण दोन्ही तारखा ज्युलियन, म्हणजे जुन्या रोमी पंचांगातल्या आहेत. ज्युलियन पंचांगात दर चौथे वर्ष लीप असते, म्हणून दिवस ११९ हवेत. ११६ हा आकडा ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या पंचांगाच्या नियमाने येतो. एका पंचांगाच्या तारखा आणि दुसऱ्याचे लीप दिवस असे मिसळले म्हणून उत्तर जुळले. नीट मोजले तर तीन दिवस जास्त होतात. शिवाय वधस्तंभाचे वर्ष म्हणून बहुतेक अभ्यासक ३० किंवा ३३ मानतात. ३२ मध्ये वल्हांडणाचा दिवस शुक्रवारच्या आसपास नीट बसत नाही. ही अडचण ओळखून पुढे हॅरल्ड होनर यांनी सुरुवात ४४४ आणि शेवट ३३ असा सुधारित हिशेब मांडला. वर्गात मात्र जुनाच तक्ता चालतो.

चौथा प्रश्न ३६० दिवसांच्या वर्षाचा. प्रकटीकरणात ४२ महिने आणि १२६० दिवस बरोबरीने येतात आणि जलप्रलयाच्या वृत्तांतात पाच महिन्यांचे १५० दिवस होतात, म्हणून महिना तीस दिवसांचा, असा युक्तिवाद आहे. थोड्या काळापुरता तो चालेल. पण यहुदी लोक शतकानुशतके असे वर्ष मोजत नव्हते. त्यांचे महिने चांद्र, आणि आपल्या पंचांगात अधिक मास येतो तसा त्यांच्याकडेही जादा महिना घालून वर्ष सूर्याशी जुळवले जाई, १९ वर्षांत ७ वेळा. तसे केले नसते तर ३६० दिवसांच्या वर्षाने पस्तीसेक वर्षांत वल्हांडण वसंतातून शरदात गेला असता, आणि पहिल्या जवाची पेंढी अर्पण करायला शेतात जवच नसता.

हे चारही निर्णय घेऊन कोणी दानीएल ९ येशूकडे बोट दाखवते असे शिकवले तर आमची हरकत नाही. मंडळीने फार जुन्या काळापासून तसे वाचले आहे. निर्णय फळ्यावर लिहा, एवढेच.

अमेरिकन रेडिओ-उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंगचे उदाहरण थोडक्यात. १ एप्रिल इ.स. ३३ ते २१ मे २०११ हे दिवस ७,२२,५०० होतात, आणि ती संख्या ५ गुणिले १० गुणिले १७ यांचा वर्ग आहे. पाच म्हणजे प्रायश्चित्त, दहा म्हणजे पूर्णता, सतरा म्हणजे स्वर्ग. गुणाकार अचूक आहे, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. सात-आठ आकड्यांना अर्थ वाटून दिले आणि त्यांचा हवा तसा गुणाकार करायची मुभा घेतली, तर कोणतीही तारीख ‘अर्थपूर्ण’ करता येते. त्याची १९९४ ची तारीख आधीच टळली होती. मे टळल्यावर ऑक्टोबर आला, आणि २०१२ मध्ये त्याने जाहीर पत्र काढून चूक कबूल केली. एवढे तरी त्याने केले.

मत्तय २४ मधल्या अंजिराच्या झाडाच्या दाखल्याचेही तसेच. अंजीर म्हणजे इस्राएल, १९४८ मध्ये त्याला पालवी फुटली, एक पिढी ४० वर्षांची, म्हणून १९८८. ते वर्ष गेले तसे पिढी ७० ची झाली, मग ८० ची. लूक २१:२९ मध्ये हाच दाखला ‘अंजीर व सर्व झाडे’ असा आहे. मग बाकीची झाडे कोणती राष्ट्रे?

आता ६६६, म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाची संख्या. ही भीती कुटुंबांच्या रोजच्या व्यवहारात शिरते, म्हणून थोडे खोलात. प्रकटीकरण १३:१८ वाचकाला संख्या मोजायला सांगते. ग्रीक आणि इब्री भाषांत अक्षरेच अंक असत. रोमी सम्राट नीरोचे ‘नरोन कैसर’ हे नाव इब्री अक्षरांत लिहिले तर नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००, एकूण ६६६. लॅटिन उच्चाराप्रमाणे शेवटचा नून गाळून ‘नेरो’ लिहिले तर ६१६. आणि काही जुन्या प्रतींत या वचनात खरोखरच ६१६ आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस येथे सापडलेला पपायरस ११५ हा या अध्यायाच्या सर्वांत जुन्या साक्षींपैकी एक, आणि त्यात ६१६ आहे. इरेनेयस या बिशपाला दुसऱ्या शतकातच हा पाठभेद (प्रतीप्रतींतला फरक) ठाऊक होता. ६६६ हाच खरा पाठ, असे तो सांगतो आणि नावे हुडकण्याच्या नादी लागू नका असेही बजावतो. गंमत म्हणजे नीरोचे नाव त्याने सुचवलेल्या नावांत नाही. म्हणून नीरोचे उत्तर बळकट असले तरी शंभर टक्के नाही. पण पहिल्या शतकात आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रातली संख्या त्यांना मोजता येण्याजोगी असली पाहिजे, एवढे तरी मान्य व्हावे.

बारकोडात ६६६ आहे हा दावा घरीच तपासता येतो. बिस्किटाचा पुडा घ्या, ८९० ने सुरू होणारा. दोन्ही टोकांना आणि मध्ये रेघांच्या लांब जोड्या दिसतात. त्यांना ‘सहा’ म्हणतात. बारकोडात प्रत्येक अंक सात समान पट्ट्यांत लिहिला जातो. उजव्या अर्ध्या भागातला सहा म्हणजे रेघ, जागा, रेघ आणि त्यापुढे चार पट्ट्या कोऱ्या. टोकाची लांब जोडी तीनच पट्ट्यांची: रेघ, जागा, रेघ. मधली पाच पट्ट्यांची. सातपेक्षा कमी पट्ट्यांचा अंक यंत्र वाचूच शकत नाही. त्या रेघा ‘इथून वाचायला सुरुवात कर, इथे मध्य, इथे संपले’ एवढेच सांगतात. सहाच्या पहिल्या तीन पट्ट्या तशाच दिसतात, बाकी काही नाही.

आधार कार्डाबद्दलही हाच घोळ झाला. मिझोराममध्ये काही ख्रिस्ती कुटुंबांनी याच भीतीने ते घ्यायला नकार दिला. सरकारने नागरिकांची एवढी माहिती गोळा करावी का, हा रास्त प्रश्न आहे आणि तो नागरिक म्हणून विचारावा. श्वापदाच्या चिन्हाशी त्याची सांगड बसत नाही. प्रकटीकरणात सर्वांवर एकच नाव किंवा त्या नावाची एकच संख्या आहे, आधारात प्रत्येकाचा १२ अंकी क्रमांक वेगळा. आणि १३ व्या अध्यायातले चिन्ह लगेच १४:१ मधल्या, कोकऱ्याचे व पित्याचे नाव कपाळी असलेल्या १,४४,००० जणांसमोर ठेवले आहे. प्रश्न निष्ठा कोणाशी, हा आहे. कपाळावरचे पित्याचे नाव शाईने लिहिलेले असेल असे कोणी शिकवत नाही, मग श्वापदाचे तेवढे चिपमध्ये कसे?

शास्त्राच्या विश्वसनीयतेबद्दलही दोन्ही बाजूंनी घाईची विधाने होतात. एक जण म्हणतो, ‘एक मात्राही बदललेली नाही.’ दुसरा म्हणतो, ‘चार लाख पाठभेद आहेत, सगळे भ्रष्ट.’ नव्या कराराच्या पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितांची नोंद आहे. प्रती जितक्या जास्त तितके पाठभेद जास्त मोजले जाणार, आणि त्यांतले बहुतेक अक्षरलेखनाचे व शब्दक्रमाचे आहेत. पण काही मोठे आहेत: मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३ ते ८:११ हे बारा-बारा ओव्यांचे भाग सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत. तळटीप असेल तर वाचून दाखवा. ती तुम्ही लपवली तर मुलाला ती इंटरनेटवर भेटेल आणि तिथे ती अशी सांगितली जाईल की जणू चोरी पकडली.

प्रकटीकरणाचीच एक गोष्ट घ्या. १५१६ मध्ये डच विद्वान इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला तेव्हा या पुस्तकाची एकच ग्रीक प्रत त्याच्या हाती होती आणि तिचे शेवटचे पान गहाळ होते. शेवटच्या सहा ओव्या त्याने लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये आणल्या. म्हणून २२:१९ मध्ये ‘जीवनाचे झाड’ याऐवजी ‘जीवनाचे पुस्तक’ आले आणि तिथून ते १६११ च्या इंग्रजी भाषांतरात गेले. या पुस्तकातील शब्दांतून काही काढू नका, असे बजावणारी ही ओवी! तुमच्या मराठी प्रतीत तिथे झाड आहे की पुस्तक, ते उघडून पाहा. चूक झाली, ती कुठे झाली हे कळले आणि जुन्या प्रतींवरून ती दुरुस्त झाली. विश्वसनीयता म्हणतात ती याला, आणि ‘मात्राही बदलली नाही’ या घोषणेपेक्षा ती तर्काला जास्त टिकते.

मत्तय २४:३६ मधला ‘पुत्रालाही ठाऊक नाही’ हा अंशही पाहा. अनेक उत्तरकालीन प्रतींत तो नाही, जुन्या प्रमुख प्रतींत आहे, आणि मार्क १३:३२ मध्ये जवळजवळ सर्वत्र आहे. नकलकारांना तो अवघड वाटला असावा. तारखा काढणाऱ्यांनाही तो अवघड वाटतो.

दानीएलाच्या काळाबद्दल वाद आहे, हे वर्गात सांगा. तिसऱ्या शतकात पोर्फिरी या ख्रिस्तविरोधी तत्त्वज्ञाने हे पुस्तक यहुद्यांचा छळ करणाऱ्या अंत्युख एपिफानेस राजाच्या काळचे, म्हणजे इ.स.पू. १६५ च्या सुमाराचे ठरवले, आणि आजही बहुतेक विद्यापीठीय अभ्यासक तसेच मानतात. ११ व्या अध्यायातले तपशील त्या राजापर्यंत नेमके जुळतात, त्याच्या मृत्यूच्या जागेशी जुळत नाहीत; तो इराणात मेला. दुसऱ्या बाजूला, बेलशस्सर नावाचा कोणी नव्हताच, असे म्हणणाऱ्यांना १८५४ मध्ये ऊर येथे सापडलेल्या मातीच्या नळकांड्यांनी गप्प केले. त्यांवर बाबेलचा राजा नबोनिदस याच्या या मुलाचे नाव आहे, आणि ५ व्या अध्यायात दानीएलाला राज्यात ‘तिसरे’ स्थान का मिळते (बाप पहिला, बेलशस्सर दुसरा) तेही त्यातून उलगडते. दारयावेश मेदी मात्र अजून कोणत्याही लेखात सापडलेला नाही. मृत समुद्राजवळच्या कुमरानमध्ये या पुस्तकाच्या आठ प्रतींचे अवशेष मिळाले, त्यांतली एक इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. पाठ किती जपला गेला ते त्यांतून दिसते. पुस्तक मुळात कधी लिहिले, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

‘पूर्ण झालेली भविष्ये’ दाखवताना सोर नगर नेहमी येते: यहेज्केल २६, मग थेट अलेक्झांडर आणि इ.स.पू. ३३२ मध्ये समुद्रात घातलेला बांध. मधला २९:१७-२० हा भाग गाळला जातो. नबुखद्नेस्सराच्या सैन्याला सोरेपासून काहीच मोबदला मिळाला नाही, असे तिथे यहेज्केल स्वतः सांगतो. पौल तर प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये सोरेस उतरून सात दिवस राहतो. याला उत्तरे आहेत: २६:३ मधली ‘अनेक राष्ट्रे’, यिर्मया १८:७-१० मधला पश्चात्तापाने निकाल बदलण्याचा नियम, योनाने दिलेली चाळीस दिवसांची मुदत आणि वाचलेले निनवे. ही उत्तरे देता येतात ती अडचण मांडल्यावर. ती गाळणारा उपदेशक आपल्याच श्रोत्याला निःशस्त्र करून बाहेर पाठवतो.

म्हणून काही मागणी.

अंत्यकाळाच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर चार मते लिहा: हजार वर्षांच्या राज्याआधी पुनरागमन, त्यानंतर पुनरागमन, ते राज्य आत्ताच चालू आहे, आणि मत्तय २४ मधले बरेचसे इ.स. ७० मध्ये यरुशलेम पडले तेव्हा घडले. महासंकटाआधी गुप्तपणे उचलून घेतले जाण्याची शिकवण १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीमुळे पसरली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलातल्या टिपांनी घरोघरी गेली, हेही सांगा. ती मानू नका असे आम्ही म्हणत नाही. ती प्रेषितांपासून सगळे मानत आले, एवढे म्हणू नका.

कोणत्याही तक्त्याच्या आधाराने कोणाला नोकरी सोडायला, घर-शेत विकायला, मुलांचे शिक्षण किंवा स्वतःचा औषधोपचार थांबवायला सांगू नये. त्या काळात मोठी दाने घेऊ नयेत. घेतली असतील आणि तारीख टळली तर परत करावीत. थेस्सलनीकातही प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच अशी हूल उठली होती. ती हूल खोडून काढणाऱ्या २ थेस्सलनी. या पत्राच्याच तिसऱ्या अध्यायात पौलाला कामधंदा सोडून बसलेल्यांना फटकारावे लागले.

रविवारच्या शाळेत लहान मुलांना मागे राहिलेल्यांचे आणि शिरच्छेदाचे चित्रपट दाखवणे बंद करा. घर रिकामे दिसले की आईबाप उचलले गेले असे वाटून रडणारी मुले विश्वासात दृढ होत नसतात.

तारीख किंवा ‘चिन्ह’ व्यासपीठावरून सांगितले असेल आणि ते चुकले, तर दुरुस्तीही त्याच व्यासपीठावरून, त्याच उपासनेत व्हावी. व्हिडिओ नुसता काढून टाकणे पुरेसे नाही. आणि प्रश्न विचारणाऱ्याला ‘शंकेखोर’ म्हणून बसवू नका. भविष्यवाण्या तुच्छ मानू नका आणि सर्व गोष्टी पारखा, या दोन्ही आज्ञा १ थेस्सलनी. ५ मध्ये लागोपाठच्या ओव्यांत आहेत.

पुढचा तक्ता आत्ताच फिरू लागला आहे. होशेय ६:२ मधले दोन दिवस, २ पेत्र ३:८ प्रमाणे एक दिवस म्हणजे हजार वर्षे, म्हणून वधस्तंभापासून २००० वर्षे. कोणी ३० धरून २०३० काढतो, कोणी ३३ धरून २०३३, आणि त्यातून महासंकटाची सात वर्षे वजा केली की २०२३ किंवा २०२६. पेत्र त्याच वाक्यात हजार वर्षे एका दिवसासारखी असेही म्हणतो, तो अर्धा भाग या हिशेबात कुठे गेला ते कोणी सांगत नाही. हा तक्ता आपल्या मंडळीत कोणी आणला तर सुरुवातीला ३० लिहिले आहे की ३३, आणि दुसरे का नाही, हे आणणाऱ्याला सभेआधी विचारा. उत्तर लेखी मिळेपर्यंत त्याला व्यासपीठ देऊ नये, ही विनंती.

आपले,
पवित्र शास्त्राचा अभ्यास व अध्यापन करणारे आपले सहकारी